विक्रीला निघालेली चर्च आणि एक अर्धवट फॉरवर्ड

स्कॉटलंडमधल्या चर्चविक्रीबद्दलचा एक मजकूर फोटोंसह सारखा फिरतो. म्हणणे असे: श्रद्धा संपली म्हणून चर्च ओस पडली, त्यांचे पब आणि मशिदी झाल्या, कबरीही विकल्या गेल्या आणि पैसा मुख्यालयाने खाल्ला.

घसरण खरी आहे, त्यावर वाद नाही. १९५०च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे तिथल्या मुख्य प्रॉटेस्टंट संस्थेचे, सुमारे १३ लाख सभासद होते, आज तीन लाखही नाहीत. २०२२च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले.

पण इमारती जास्त झाल्या त्या केवळ माणसे घटल्यामुळे नव्हे. १८४३ साली या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांचा, हा मूळ वाद. ४५०हून अधिक पाळक घर आणि पगार सोडून बाहेर पडले, त्यांनी फ्री चर्च काढले आणि थोड्याच वर्षांत शेकडो नवी चर्च बांधली. बरीचशी जुन्या चर्चच्या हाकेच्या अंतरावर. पुढे यातल्या बहुतेकांची टप्प्याटप्प्याने दिलजमाई झाली, शेवटची मोठी १९२९ साली. भांडण मिटले, भिंती उभ्याच राहिल्या. एकेका गावात एकाच संस्थेची दोन-दोन, तीन-तीन चर्च आली. हा बोजा भरल्या बाकांच्या काळातलाच आहे.

पबच्या फोटोंमध्ये ग्लासगोचे ओरान मोर असतेच. पूर्वीचे हे केल्विनसाइड पॅरिश (म्हणजे त्या वस्तीचे) चर्च. तिथली मंडळी १९७८ साली शेजारच्या हिलहेडच्या मंडळीत मिसळली. पब सुरू झाला २००४ साली. दारू आली म्हणून उपासना गेली नाही, उपासना आधीच शेजारी गेली होती. फोटोत हे कसे दिसणार!

मशिदींचे म्हणाल तर ग्लासगोची मध्यवर्ती मशीद (१९८४) आणि एडिनबरोची (१९९८) या दोन्ही नव्याने बांधलेल्या आहेत. काही जुनी चर्च इतर धर्मीयांनी घेतली असतील, पण त्यावरून सरसकट निष्कर्ष निघत नाही.

कबरींचा मुद्दा तर फुसकाच. जुन्या पॅरिश चर्चभोवतीची दफनभूमी १९२५च्या कायद्यानंतर बहुतांशी स्थानिक प्रशासनाकडे गेली. जी चर्चच्या हातात नाही ती चर्च विकणार कशी?

पैशाचेही तसेच. बहुतेक इमारतींची मालकी जनरल ट्रस्टीज या मंडळाकडे असते हे खरे, पण विक्रीची रक्कम साधारणपणे त्या-त्या चर्चच्या मंडळीच्या नावे इमारतींच्या कामासाठी जमा होते.

खरी टीका करायची तर २०२१पासून चाललेल्या इमारतींच्या फेरआढाव्यावर करावी. प्रत्येक प्रेस्बिटरीने, म्हणजे त्या भागातल्या पाळकांच्या आणि मंडळ्यांतल्या ज्येष्ठांच्या सभेने, कोणत्या इमारती ठेवायच्या आणि कोणत्या ठरलेल्या मुदतीत सोडायच्या याची यादी केली. शहरात ते जमून जाते, चार गल्ल्या ओलांडल्या की दुसरे चर्च आहे. बेटावर किंवा डोंगराळ भागात मात्र चर्च सुटले की हिवाळ्यात गावाने एकत्र बसायची जागाच सुटते. २०२१च्याच महासभेने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, पाळकांची पदे ६००वर आणायचे ठरवले, त्यामुळे राखलेल्या इमारतीतही दर रविवारी पाळक येईलच असे नाही. अशा गावांतले लोक हरकती घेतात, पण या हरकती फॉरवर्डमध्ये कुठेच नसतात.