फ्लॅश प्लेयर टाकायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

"ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालत नसेल तर खालच्या लिंकवरून फ्लॅश प्लेयर अपडेट करा" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय, तो चुकीचा आहे, कृपया ती लिंक उघडू नका आणि पुढेही पाठवू नका. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायचं अडोबी कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर; अडोबीने त्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2020 लाच बंद केला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात काही चालणंही ब्लॉक केलं, म्हणजे आता नवीन अपडेट येणारच कुठून? यूट्यूब तर 2015 पासूनच मुळात एचटीएमएल5 वर, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेल्या व्हिडिओच्या सोयीवर चालतं. फ्लॅशच्या नावाखाली व्हायरस घुसवायचा धंदा फार जुना आहे, आणि घरातली वयस्कर माणसं विश्वासाने क्लिक करतात याची मला खरंच काळजी वाटते.

व्हिडिओ अडत असेल तर आधी इन्कॉग्निटो (प्रायव्हेट) विंडोत लावून बघा, तिथे चालला तर बहुतेक अ‍ॅड ब्लॉकर किंवा दुसरं एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) नाहीतर जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) आडव्या येतायत, एकेक एक्स्टेंशन बंद करून बघितलं की सापडतं. आवाज येतो पण स्क्रीन काळी किंवा हिरवी दिसते? मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) बंद करून ब्राउझर परत चालू करा. कॉम्प्युटरची तारीख-वेळ चुकली असेल तरी साइट नीट उघडत नाही, तेही बघा. आणि अपडेट करायचाच तर ब्राउझर करा, त्याच्याच मेनूमधून.