लागली का हो फांदी?

नर्सरीतून रोप विकत आणणं म्हणजे आमच्या हिच्या मते हॉटेलातून वरणभात मागवणं. परवडतं म्हणून करायचं नसतं. झाड हवं तर दुसऱ्याच्या झाडाची फांदी आणायची, नाहीतर खाल्लेल्या फळाची बी टाकायची. बरं, फांदी मागायचीही सोय नाही. मागितलेली लागत नाही, चोरलेली फोफावते, असं शास्त्र आहे. मनी प्लांटच्या बाबतीत तर ते वेदवाक्यच.

या चोरीत माझ्याकडे पहारा असतो. लग्न असो, मुंज असो, हिची नजर माणसांवर नसतेच, कुंड्यांवर असते. "अहो, तुम्ही जरा त्यांना बोलण्यात गुंतवा," एवढं पुटपुटून ही गॅलरीत अदृश्य होते. मी गुंतवतो. एका गृहस्थांच्या मूळव्याधीची मी इतक्या आपुलकीनं चौकशी केली, की ते अजूनही फोन करून प्रगती कळवतात.

खरी पंचाईत होते ती समोरचं माणूस उदार निघालं की. चिपळूणजवळ हिच्या मामींचं घर आहे. जूनमध्ये गेलो तर मागच्या दारी अनंत, कागडा, गावठी गुलाब, कृष्णकमळ, नुसती चंगळ. मामी म्हणाल्या, "घे गो, हवं ते घे. कोयती देऊ?" हिचा चेहरा पडला. मामी जाणत्या. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "बरं, मी चहा टाकते. मागच्या दारी काय चाललंय ते मला चुलीपाशी बसून दिसत नाही." आम्ही मालकाच्या सोयीनं चोरी उरकली. चहा देताना मामी मला हळूच म्हणाल्या, "जावईबापू, अनंताची फांदी वीतभर तरी घ्यायची. तुम्ही फार आखूड कापलीत."

निघताना त्यांनी एक शेवग्याची जाडजूड काठी दिली. गाडीत फांद्या मोडू नयेत म्हणून सगळा भारा तिला बांधायचा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते बाळ कोकण रेल्वेच्या डब्यात ठाण्यापर्यंत माझ्या मांडीवर होतं.

घरी आल्यावर शस्त्रक्रिया. पेन्सिलीएवढी जाड, 6 ते 8 इंचांची फांदी. खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरपा छेद, वर सरळ. यात मोठी अक्कल आहे. पानं काढून टाकली की फांदीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते ओळखू येत नाही, आणि शीर्षासनात लावलेली गुलाबाची फांदी बहुधा मुळं धरत नाही. मग मुळांसाठी टोक कशात तरी बुडवायचं. बाजारात त्याची पावडर मिळते, पण विकत आणलं की पुन्हा वरणभाताचा प्रश्न येतो. म्हणून कोणी मध सांगतं, कोणी दालचिनी, कोणी कोरफडीचा गर. आमच्या गुलाबाला तिन्ही लावून झालं. इतकी सरबराई मला सर्दीतही मिळत नाही.

यानंतर घरातली भांडी जातात. चहाचे कप, जॅमच्या बरण्या, माझा दाढीचा मग, सगळ्यांत ओली माती आणि मातीत काड्या. वर पारदर्शक पिशव्या, आत दमटपणा टिकावा म्हणून. पंखा लावायचा नाही, फांद्या सुकतात. आपण सुकलो तरी चालेल.

आणि मग येतो पालवीचा घात. चार दिवस गेले की काडीवर लालसर कोंब दिसतो. ही बहिणीला फोटो पाठवते, बहीण मामींना पाठवते, चिपळुणात आनंद होतो. पण फांदीच्या अंगात आधीचं अन्न साठलेलं असतं. त्या पुंजीवर ती वर पानांचा थाट करते आणि खाली मुळाचा पत्ता नसतो. पुंजी संपली की पानं माना टाकतात. नोकरी नसताना थाटात साखरपुडा करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला धक्का बसला नाही. हिला बसला. मूळ आलंय का हे उपटून पाहायचं नसतं, फांदी बोटांत धरून हलकेच ओढायची. अडली तर लागली. आमच्या इतक्या अलगद हातात येत, की ओढणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

बियांचं खातं निराळं. धणे पेरायच्या आधी हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या लागतात, कारण एका धण्यात दोन बिया असतात. हे काम टीव्हीसमोर बसून मी करतो. पपईच्या बीवरचा बुळबुळीत पडदा राख लावून चोळून काढायचा. तेही मीच. रोप मात्र नर आहे की मादी हे फुलं येईपर्यंत सांगत नाही. हापूसची कोय लावावी तर हापूसच येईल याची खात्री नाही, म्हणून तर कोकणात पावसाळ्यात जेमतेम पंधरवड्याच्या कोवळ्या रोपावर कलम बांधतात. मी हे सांगितलं तर ही म्हणाली, "तुमच्या आईंनाही तुमच्याकडून बऱ्याच अपेक्षा होत्या." विषय संपला.

श्रावणापर्यंत अनंत गेला, कागडा गेला, गुलाब तिन्ही औषधांसह गेला. कृष्णकमळाच्या वेलाला आधार म्हणून शेवग्याची ती काठी कुंडीत खोचली होती. वेल वाळला आणि काठीला पालवी फुटली. हिनं तोंड वाकडं केलं. "साठवणीतलं अन्न, दुसरं काय!" मी बोटांत धरून ओढली. हलेना. जोर लावला तर कुंडी उचलली गेली.

"ही तर मामींनी राजीखुशीनं दिलेली," मी म्हणालो. वाटलं, आता तरी चोरीचं शास्त्र कोसळेल.

"बांधायला दिली होती, लावायला नाही," ही म्हणाली. "म्हणजे चोरीचीच की."

शेवगा चांगला 10 मीटर वाढतो आणि आपण चौथ्या मजल्यावर राहतो, याची मी आठवण करून दिली. हिनं गॅलरीतून मान बाहेर काढून वर पाहिलं, मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, "सातव्या मजल्यावर कोण राहतं हो? जरा ओळख वाढवा. शेंगा त्यांच्याकडूनच घ्याव्या लागणार."