पाचवी लेव्हल गाठा, मग वळा
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या साहसखेळात आपल्या पात्राला तिसऱ्या लेव्हललाच दुसरा क्लास, म्हणजे दुसरा पेशा, जोडा, हा लेखातला सल्ला पटला नाही. नाशिकला कॉलेज रोडवर मित्राकडे आम्ही दर रविवारी या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. मी फायटर (लढवय्या) चौथ्या लेव्हलवर सोडून विझार्ड (जादूगार) घेतला आणि पस्तावलो. पाचव्या लेव्हलला फायटरला आपल्या एका पाळीत दोन वार मिळतात, विझार्डला फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र. माझ्याकडे दोन्ही नाही! बाकीचे राक्षस लोळवत होते, मी मिसळीबरोबरचे पाव मोजत बसलो. शिवाय विझार्ड जोडायला इंटेलिजन्स (पात्राच्या बुद्धीचा आकडा) १३ हवं म्हणून आकडे तिकडे वळवले, त्यात अंगातला दम गेला तो वेगळाच.

विझार्डच व्हायचं असेल तर पहिलीच लेव्हल फायटरची घ्या. जड चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह (अंगच्या दमावर संकट झेलायच्या फाशात मिळणारी भर) फायटरपासून सुरुवात केली तरच मिळते, नंतर जोडून नाही. फक्त मग फायरबॉल एकूण सहाव्या लेव्हलला येतो, तेवढी कळ काढावी लागते.