टाके हातात, सुया पिशवीत

मनगटातली दबलेली नस मोकळी केली, टाके पडले, डॉक्टर म्हणाले, "विणकाम सध्या बंद." बरं, बंद! पण सांगलीतल्या समस्त मावश्या-काकू भडंग घेऊन येतात आणि एकच ऐकवतात, "मज्जा आहे की, नुसता आराम!" आराम? उजव्या हाताला बँडेज, समोर भाचीचा अर्धा स्वेटर, एक बाही लोंबतेय, सुईवर 64 टाके ताटकळलेत, याला आराम म्हणतात? वर, "बाजारात तीनशेला मिळतोय की!" अहो, भडंगही मिळतो, मग घरी फोडणी कशाला घालत बसता? काल तर एक काकू "बघू गं जरा" म्हणत सुईच उपसून बसल्या. 64 च्या 64 सुटले! मनगटावरचे मात्र अजून 8 दिवस हलणार नाहीत.