यामातो म्हणजे ‘महान सलोखा’ नव्हे

जपानी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. मागे उगवता सूर्य, वर मोठ्या अक्षरांत ‘यामातो’. सांगणं असं: जपानचं खरं नाव यामातो. ते लिहायची दोन चिन्हं म्हणजे ‘मोठा’ आणि ‘सलोखा’, म्हणून जपान्यांनी आपल्या देशाचं नावच ‘महान सलोखा’ ठेवलं. यामातो हा एका रक्ताचा वंश आहे. ‘यामातो-दामाशी’ म्हणजे मरणाला हसत सामोरं जाण्याची वृत्ती. त्या वृत्तीवरून प्रचंड युद्धनौकेला नाव मिळालं आणि नौकेवरून पुढे शहरांना, कंपन्यांना.

मी बरीच वर्षं जपानी शिकवते. हाच मजकूर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उतरलेला दिसला की मला गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

आधी ‘महान सलोखा’. यामातो हे मुळात जपानची जुनी राजधानी असलेल्या नारा शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या एका सखल खोऱ्याचं नाव. पुढे तिथे उदयाला आलेल्या राजदरबाराचं, मग त्या दरबाराच्या प्रांताचं आणि शेवटी अख्ख्या देशाचं. हे नाव लोकांच्या तोंडी होतं तेव्हा जपानीला स्वतःची लिपी नव्हती. चिन्हं चीनकडून आली, नाव त्याआधीचं आहे. त्यामुळे चिन्हांचा अर्थ लावून नावाचा अर्थ काढणं म्हणजे सदरा पाहून माणसाचं वय सांगण्यासारखं.

चिनी दरबार या बेटांवरच्या लोकांना ‘वा’ म्हणायचा. त्यासाठी वापरलेलं चिन्ह फारसं मानाचं नव्हतं. त्याचा अर्थ ‘वाकलेला, आज्ञाधारक’ असा लावला जाई, कुणी ‘बुटका’ असाही लावत. जपान्यांनी आधी तेच चिन्ह घेतलं, पण वाचलं मात्र ‘यामातो’. इ. स. ७१३ मध्ये आज्ञा निघाली की प्रांतांची आणि गावांची नावं शुभ चिन्हांत लिहावीत. प्रांतांची नावं दोन चिन्हांत बसवायची पद्धतही त्याच सुमारास पक्की झाली, आणि जुन्या ‘वा’च्या आधी ‘मोठा’ हे चिन्ह कायमचं येऊन बसलं. ७३७ मध्ये, देवीच्या भीषण साथीनंतर, ‘मोठा, पोसणं, सद्गुण’ अशी तीन चिन्हं आली. दहा वर्षांनी ती गेली आणि जुनी दोन परतली. ७५७ च्या सुमारास खालच्या दर्जाचा ‘वा’ काढून त्याच उच्चाराचा, सलोख्याच्या अर्थाचा ‘वा’ बसवला गेला. एवढ्या सगळ्या काळात उच्चार होता तोच, यामातो. बदलत होती ती फक्त पाटी.

इथे मला नेहमी बोधिसेन आठवतो. भारतातून गेलेला हा भिक्षू ७३६ मध्ये नाराला पोचला. ७५२ मध्ये तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला आणि ७६० मध्ये तो तिथेच वारला. ज्या प्रांतात तो राहत होता त्याचं लेखन त्याच्या डोळ्यांदेखत तीनदा बदललं.

तरीही चिन्हांतच अर्थ असतो असा हट्ट असेल, तर ७१२ चा ‘कोजिकी’ हा जुन्या कथा-इतिहासाचा ग्रंथ उघडावा. त्यात राजपुत्र यामातो ताकेरू मरताना आपल्या भूमीची आठवण काढतो: यामातो ही सगळ्या मुलखांत उत्तम, थरावर थर रचलेल्या हिरव्या डोंगरांच्या कुंपणात वसलेली. त्या ओळीत ‘यामातो’ तीन चिन्हांनी लिहिलंय. त्यांचे अर्थ आहेत रात्र, ताग आणि चढणं. जपानचं खरं नाव ‘रात्री तागावर चढणं’ आहे असं कुणी म्हणणार आहे का? लेखकाला फक्त या-मा-तो हे आवाज हवे होते. ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहाच्या पहिल्याच कवितेत तेच नाव ‘डोंगर’ आणि ‘पाऊलखूण’ या दोन चिन्हांनी येतं.

मग मूळ अर्थ काय? ‘यामा’ म्हणजे डोंगर, यावर बहुतेक अभ्यासकांचं जमतं. ‘तो’वर वाद आहे. जुन्या जपानीत ‘तो’चे दोन वेगळे उच्चार होते. दार या अर्थाचा ‘तो’ एका गटातला, यामातोमधला दुसऱ्या गटातला. म्हणून ‘डोंगराचं दार’ हा सोपा अर्थ बसत नाही आणि ‘डोंगराची जागा’ याकडे बऱ्याच जणांचा कल असतो. क्यूशू बेटावर यामातो नावाचाच एक जिल्हा २००७ पर्यंत होता. तो मात्र ‘दार’वाल्या ‘तो’चा. कानाला एक, मुळात दोन. तिसऱ्या शतकातल्या राणी हिमिकोचं यामाताई राज्य नाराकडे होतं की क्यूशूवर, या जुन्या भांडणात हा बारीकसा उच्चारभेदही पुरावा म्हणून मांडला जातो.

उलटंही घडतं: चिन्हं तीच, नाव वेगळं. मियागी प्रांतात त्याच दोन चिन्हांचं एक गाव आहे, त्याचा उच्चार ताइवा. शेअर बाजारातली दाइवा सिक्युरिटीज आणि घरं बांधणारी दाइवा हाऊसही तीच चिन्हं लिहितात. जपानी माणूससुद्धा नवी पाटी पाहून विचारतो, हे यामातो की दाइवा?

आता एका रक्ताचा वंश. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्याने खऱ्या माणसांना पुसून टाकलंय. ८१५ मध्ये दरबाराने राजधानी आणि आसपासच्या प्रांतांतल्या कुळांची वंशावळ तयार केली. म्हणजे अगदी यामातोच्या गाभ्यातली कुळं. नोंद १,१८२ कुळांची झाली आणि त्यांतली ३२६ कोरिया आणि चीनमधून आलेल्या पूर्वजांची म्हणून लिहिली गेली. हे दरबाराने स्वतःच लिहून ठेवलंय, लाज न बाळगता. २००१ मध्ये सम्राट आकिहितो यांनी जाहीरपणे सांगितलं की आपला आठव्या शतकातला पूर्वज सम्राट कानमू याची आई कोरियातल्या पेक्चे राज्याच्या राजाच्या वंशातली होती, आणि त्यामुळे आपल्याला कोरियाशी नातं जाणवतं.

शिवाय ‘यामातो’ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा. ओकिनावाचे लोक स्वतःला उचिनान्चू म्हणतात आणि मुख्य बेटांवरून आलेल्याला यामातोन्चू. त्यांचं र्‍यूक्यू राज्य जपानने १८७९ मध्ये खालसा केलं. आज पासपोर्ट जपानी, पण यामातो म्हणजे ‘तिकडचे’. उत्तरेच्या आइनू लोकांना ‘संरक्षण’ देण्याच्या नावाखाली शेतीला जुंपणारा १८९९ चा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता. ते मूळनिवासी आहेत हे जपानी संसदेने २००८ मध्ये ठरावाने मान्य केलं आणि कायद्यात लिहिलं २०१९ मध्ये. एक रक्त म्हणताना आपण या सगळ्यांना कुठे ठेवतो?

यामातो-दामाशीची गोष्ट मी वर्गात हमखास सांगते. हा शब्द लिहिलेला आढळतो तो अकराव्या शतकात, मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या ‘गेंजी’ या कादंबरीत. नायक गेंजी आपल्या मुलाला वशिल्याने वर न चढवता विद्यालयात घालतो आणि कारण देतो: चिनी विद्येचा पाया असला तरच यामातो-दामाशीला जगात वजन येतं. इथे त्याचा अर्थ पुस्तकाबाहेरचं शहाणपण, व्यवहाराची जाण. तलवार नाही, मरण नाही.

बाराव्या शतकातल्या ‘कोंजाकू’ कथांमध्ये एक पंडित आहे, कियोहारा नो योशिझुमी. रात्री घरात दरोडेखोर शिरतात. तो घराच्या फळ्यांच्या जमिनीखाली सरपटत जाऊन लपतो आणि बचावतो. दरोडेखोर लूट घेऊन बाहेर पडतात न पडतात, तोच हा वर येऊन फाटकावर थापा मारत ओरडतो, ‘सगळ्यांची तोंडं पाहिलीत, सकाळ होऊ दे, पकडून देतो!’ ते मागे फिरतात आणि त्याला मारून टाकतात. कथाकाराचा शेरा असा की विद्या अफाट होती, पण यामातो-दामाशी तिळभर नव्हती. फिरणाऱ्या मजकुराच्या हिशेबाने योशिझुमी शूर ठरला असता. जुन्या जपानीच्या हिशेबाने त्याला अक्कल नव्हती.

मरणाचा अर्थ फार उशिरा आला. नोरिनागा या पंडिताने १७९० मध्ये स्वतःच्या चित्रावर एक कविता लिहिली: यामातोचं मन कसं, तर सकाळच्या उन्हात उजळलेल्या रानचेरीसारखं. ऑक्टोबर १९४४ मध्ये आत्मघाती वैमानिकांच्या पहिल्या चार तुकड्यांना त्याच कवितेतून नावं दिली: शिकिशिमा, यामातो, आसाही, यामाझाकुरा. एका फुलाच्या कवितेचं असं व्हावं, हे मला आजही सहन होत नाही.

युद्धनौकेचा मुद्दा लवकर संपतो. जपानी आरमारात युद्धनौकांना जुन्या प्रांतांची नावं द्यायची रीत होती: नागातो, मुत्सू, इसे, मुसाशी. यामातो त्याच रांगेतली. नौकेवरच्या देवघरातली देवता नारा प्रांतातल्या तेनरीच्या ओयामातो देवळातून आणलेली. त्या नावाची एक छोटी लढाऊ नौका १८८० च्या दशकातच पाण्यात उतरली होती. ही मोठी १९४१ च्या डिसेंबरात ताफ्यात आली आणि ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या वाटेवर सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली. काळ्या मांजरीचं चिन्ह मिरवणारी यामातो ही मालवाहतूक कंपनी १९१९ मध्ये चार ट्रकांवर सुरू झाली, ती नौकेवरून नाव कसं घेईल? यामातो-कोरियामा किंवा यामातो-ताकादा ही शहरं तर प्रांताचं नाव पुढे लावतात ते दुसऱ्या कोरियामा-ताकादांशी घोळ होऊ नये म्हणून, आपल्याकडे पिंपळगावाला बसवंत जोडतात तसं. नौकेवरून नाव घेतलं ते १९७४ च्या अंतराळातल्या युद्धनौकेच्या टीव्ही मालिकेने, एवढं खरं. अंटार्क्टिकात यामातो पर्वत आहेत. १९६९ मध्ये तिथल्या निळ्या बर्फावर जपानी संशोधकांना नऊ उल्का सापडल्या आणि तेव्हापासून तिथे मिळणाऱ्या उल्कांना यामातो म्हणतात. त्यांतल्या काही मंगळावरच्या आहेत.

एका ठिकाणी मात्र मजकूर बरोबर आहे, आणि ते मी मान्य करायलाच हवं. कानागावा प्रांतात, योकोहामाजवळ, १८८९ मध्ये काही गावं एकत्र करून एक गाव केलं. नावावरून आणि कारभारावरून लगेच फाटाफूट झाली, वेगळं व्हायची भाषा सुरू झाली. तडजोड म्हणून १८९१ मध्ये जुनं नाव टाकून ‘मोठा सलोखा’ या अर्थानेच यामातो हे नवं नाव घेतलं. १९५९ मध्ये ते शहर झालं. त्या लोकांनी चिन्हांकडे पाहूनच नाव निवडलं होतं, कारण त्यांना तेव्हा सलोखाच हवा होता.