एक्सझेड ९ चा भुर्दंड कोणाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'पणजीत बसून काणकोणातलं नेटवर्क कळायचं नाही. एक्सझेडची लेव्हल ९ वरून ६ वर आणा म्हणणं म्हणजे बिल्ड मशीनचे लाड आणि फील्डवरच्या माणसाला भुर्दंड,' असं तुम्ही लिहिलंत. डिव्हाइसच्या अपडेटची फाइल एक्सझेड या दाबणाऱ्या प्रोग्रॅमने लेव्हल ९ ऐवजी ६ वर दाबा, असं मी सुचवलं होतं, त्यावर. (लेव्हल वाढवली की फाइल लहान होते; बिल्ड मशीन म्हणजे ती फाइल तयार करणारा संगणक.) नेटवर्कबद्दल वादच नाही. पावसात तिकडे एक अपडेट उतरायला किती रडवतं, ते मीही पाहिलंय.

पण भुर्दंडाचा हिशेब उलटा आहे. ६ ते ९ या लेव्हल्समध्ये फरक फक्त डिक्शनरीचा, म्हणजे मागचा डेटा लक्षात ठेवायच्या जागेचा: ६ ला ८ एमबी, ७ ला १६, ९ ला थेट ६४. आणि ही डिक्शनरी उघडणाऱ्यालाही मेमरीत धरावी लागते. ६ ची फाइल साधारण ९ एमबीत उघडते, ९ ची ६५ मागते. फाइल मुळात २० एमबीचीच असली तरी! हेडरमध्ये ६४ लिहिलंय ना, मग तेवढी जागा मागितली जातेच. तुमच्या डिव्हाइसवर, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, १२८ एमबी रॅम आहे आणि पंपाचा प्रोग्रॅम अपडेटच्या वेळीही चालू असतो. मेमरी संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) कोणत्या प्रोग्रॅमचा बळी घेईल याचा नेम नाही. तासभर ताटकळून उतरवलेली फाइल उघडलीच नाही, तर वाचवलेल्या डेटाचं काय करायचं?

त्यात तुमची रूट फाइलसिस्टीम (डिव्हाइसची मुख्य फाइलसिस्टीम) स्क्वॉशएफएस, म्हणजे मुळातच दाबून ठेवलेल्या प्रकारची, तीही एक्सझेडनेच दाबलेली. दाबून झालेल्या त्या फाइलवर पुन्हा ९ चालवून हाती जवळपास काही लागत नाही. ६५ एमबीची अट मात्र गळ्यात पडते.

बिल्ड मशीनचे लाड म्हणाल, तर ९ वर एक्सझेडचा एकेक थ्रेड (एकाच वेळी चालणारा कामाचा धागा) सव्वा जीबीच्या आसपास रॅम खातो. योक्टोतली (डिव्हाइससाठी लिनक्स तयार करणाऱ्या साधनसंचातली) एक्सझेडची मेमरी-मर्यादा मुळात ५० टक्के असते, पण ती प्रत्येक प्रोसेसला वेगळी. दोन इमेज (डिव्हाइसवर टाकायच्या पूर्ण सिस्टीमच्या फाइल) एकदम दाबायला गेलात की दोघी मिळून सगळी रॅम मागू शकतात, आणि बिटबेक (योक्टोचं बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) सोबत कंपाइल करत असतोच. रात्री लावलेलं बिल्ड सकाळी 'किल्ड' एवढंच सांगतं ते यामुळे.

स्क्वॉशएफएस नसलेल्या, मोठ्या इमेजसाठी ७ वापरून बघा, १७ एमबीत उघडेल. किंवा ६ लाच 'ई' जोडा: दाबायला वेळ जास्त, उघडायची मेमरी तेवढीच. काणकोणच्या नेटवर्कवर खरा उतारा मात्र डेल्टा अपडेटचा. एसडब्ल्यूअपडेट आणि राऊक या डिव्हाइस अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅम्सपैकी दोन्हींत बदललेला भागच उतरवायची सोय आहे. तोवर एक्सझेडच्या लिस्ट कमांडला दोन 'व्ही' जोडून (xz -lvv) तुमची आताची फाइल तपासा. उघडायला किती मेमरी लागेल, तो आकडा इथेच कळवा.