बी.एड.च्या वाचनाच्या तासाला सातबारा का नसावा?

बी.एड. दोन वर्षांचे झाले, तेव्हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या आराखड्यात वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुरांचे वाचन आणि त्यांवरील चिंतन यासाठी स्वतंत्र घटक ठेवला गेला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो एका पुस्तकाचा सारांश लिहून फाइल जमा करण्यापुरताच उरला आहे. दुसरीकडे पर्यावरण शिक्षणाच्या तासाला संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची शाश्वत विकासाची व्याख्या पाठ केली जाते. हे दोन तास एकत्र आणले पाहिजेत, आणि आपल्या खानदेशात ते सहज शक्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

वाचायला काय द्यावे, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रावेर-यावल पट्ट्यातील एखाद्या शेताचे सलग वीस-पंचवीस वर्षांचे सातबारे छात्राध्यापकांसमोर ठेवावेत. सातबाऱ्यातल्या ‘बारा’मध्ये, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, पीक आणि सिंचनाचे साधन अशा दोन्ही नोंदी असतात. त्या वर्षामागून वर्ष वाचत गेले, की कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या जागी केळी कधी आली आणि विहिरीच्या जागी कूपनलिका कधी आली, हे कोणी न सांगता समजते. त्याच्या शेजारी त्या भागातील भूजलाच्या अतिउपशाविषयीचा सरकारी अहवाल ठेवावा आणि केळीच्या वाढत्या निर्यातीची बातमीही ठेवावी. मग विचारावे: हा मजकूर कोणी, कोणासाठी लिहिला? यात कोणाचा उल्लेखच नाही? केळी उत्पादकाला दोषी ठरवून हा तास संपता कामा नये, कारण वर्गातील कितीतरी जणांचे शिक्षण त्याच केळीच्या पैशावर झालेले असते आणि केळीचा पैसा हवा की जमिनीतले पाणी राखावे, ही अडचण त्यांना घरातूनच ठाऊक असते. शाश्वततेचा प्रश्न किती अवघड आहे, हे व्याख्येपेक्षा अशा वाचनातून अधिक नेमके कळते.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड या सामूहिक सिंचन पद्धतीचे वर्णन वाचायला द्यावे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी करायचे, ही व्यवस्था शेतकऱ्यांनी काही शतके स्वतः चालवली. पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, शेतोशेती विजेचे पंप आले आणि ती बहुतेक ठिकाणी मोडकळीस आली. ती का टिकली आणि का मोडली, या दोन प्रश्नांवर आठवडाभर वाचन होऊ शकते. साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या लोकांनी जंगल राखण्यासाठी घालून घेतलेले नियमही याच रांगेत ठेवता येतील.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात शिकवायला जाणाऱ्यांसाठी छापील मजकूर पुरेसा नाही. तिथे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून बियाणे, जंगल आणि पाणी यांविषयी ऐकून, ते त्यांच्याच बोलीत देवनागरीत उतरवून घेऊन वर्गात वाचावे. अहिराणीबाबतही हेच म्हणेन.

यावर अभ्यासक्रम आधीच भरगच्च असल्याची तक्रार होईल. पण मी नवा विषय मागत नाही. असलेल्या तासाला वाचायचा मजकूर बदलावा, एवढेच म्हणतो आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आपापल्या जिल्ह्यातील असे कागद, नावे-गट क्रमांक झाकून, एकत्र करून अध्यापक महाविद्यालयांना द्यावेत, आणि छात्रसेवाकाळात, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव करण्याच्या काळात, यांपैकी एका मजकुरावर किमान एक पाठ घेणे प्रत्येकाला बंधनकारक करावे.